उन्हाचं लेखाशीर्ष

मुंबईतल्या गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये खालच्या मजल्यांवरच्या घरांत भर दुपारी बारा वाजताही ट्यूबलाइट लावावी लागते. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची खिडकी, मध्ये अंतर जेमतेम तीन मीटर. त्या बोळात वरून टाकलेला कचरा साचतो, पाइप गळतात, डास होतात. म्हणून खिडकी लावूनच घेतलेली बरी, असं घरातल्या बाईला वाटतं, आणि त्यात तिची काही चूक नाही. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. भिंतीला ओल धरते. घरात कुणी खोकत असेल तर तो खोकला त्याच खोलीत फिरत राहतो.

इथली माणसं मूळची इथली नव्हेत. रेल्वेरुळांच्या कडेला, रस्तारुंदीकरणाच्या आड येणाऱ्या झोपड्यांत ती राहत होती. प्रकल्पग्रस्त म्हणून त्यांना २२५ चौरस फुटांची पक्की घरं मिळाली. डोक्यावर स्लॅब, घरात नळ, स्वतःचा संडास. कागदावर पाहिलं तर आयुष्य सुधारलंच. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये नटवर पारेख, लल्लूभाई कंपाउंड आणि त्याच भागातली पीएमजी कॉलनी अशा तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी मांडली, तेव्हा चित्र वेगळं दिसलं. पहिल्या दोन वसाहतींत क्षयरोग तिसरीपेक्षा कित्येक पटींनी जास्त होता. तिन्हीकडची कुटुंबं हातावर पोट असणारी, तिन्हीकडे घरं लहान. फरक होता तो इमारतींमधल्या मोकळ्या जागेचा, घरात शिरणाऱ्या ऊन-वाऱ्याचा.

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. रोगी खोकला की अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि कोंडलेल्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते विरळ होतात, उन्हात मरतात. डॉक्टरांना हे शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे.

मग या वसाहतींतल्या क्षयाचा खर्च कोणाच्या नावावर मांडायचा? निदानाची यंत्रं, सहा महिन्यांची औषधं, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे लांबलचक उपचार, शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातल्या खाटा, हा सगळा खर्च ‘आरोग्य’ या शीर्षाखाली पडतो. तीन मीटर हा आकडा मात्र आरोग्य खात्याने ठरवलेला नव्हता. तो ठरला गृहनिर्माणाच्या नियमावलीत. शहरातली आरोग्याची विषमता समजून घ्यायची असेल तर ज्या रकान्यांवर आरोग्य हा शब्द लिहिलेला नाही तेच रकाने आधी वाचावे लागतात, असं माझं मत आहे आणि या प्रकरणात तेच करायचं आहे.

१९९५ मध्ये मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं. मोफत घरांची योजना आली, पण त्यासाठी तिजोरीतून पैसा काढायचा नव्हता. विकासकाला जास्तीचं चटईक्षेत्र द्यायचं किंवा दुसरीकडे वापरता येणारा, विकता येणारा विकास हक्क द्यायचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला टीडीआर. त्या बदल्यात तो गरिबांची घरं बांधून देणार. मग कमीत कमी जमिनीवर जास्तीत जास्त घरं बसवण्यात सगळ्यांचाच फायदा. एका हेक्टरवर किमान ५०० घरं बसलीच पाहिजेत अशी अट घालण्यात आली, आणि ती बसावीत म्हणून मोकळ्या जागांचे नियम सैल करण्यात आले. इतर इमारतींना जेवढं अंतर सोडावं लागतं तेवढं पुनर्वसनाच्या इमारतींना सोडावं लागत नाही.

रोख रक्कम हललीच नाही, म्हणून या व्यवहाराची ओळ अर्थसंकल्पाच्या पुस्तकात कुठेही सापडत नाही. पण खर्च झाला. तो उन्हात झाला, वाऱ्यात झाला, आणि त्याचं बिल दहा-पंधरा वर्षांनी दुसऱ्याच खात्याच्या दारात आलं. ते बिलही पुरतं खात्याकडे येत नाही. औषध फुकट मिळालं तरी महिनोन्‌महिने बुडालेला रोजगार, आजारी आईसाठी शाळा सोडून घरी बसलेली मुलगी, हे कुठल्याच जमाखर्चात धरलं जात नाही.

या शहराला हे सगळं पूर्वी ठाऊक नव्हतं असंही नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडे पळाली. सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा आणला, पुढच्या वर्षी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाटीवाटीच्या वस्त्यांत हवा खेळवायची हे ट्रस्टचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते समुद्रावरचा वारा आत यावा म्हणूनच काढले गेले. त्यासाठी चाळी पाडल्या. पाडल्या त्या मानाने बांधल्या थोड्या. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत आणखी दाटीने राहू लागली. रस्त्यावर वारा आला, माणसांच्या वाट्याला तो आला नाही.

त्याच ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मात्र एक गोष्ट पुढे रेटली. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर मांडणी केली. तिच्या केंद्रस्थानी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून येणारी तिरपी रेषा साडेत्रेसष्ट अंशांत खोलीच्या पायथ्यापर्यंत पोचली पाहिजे. साध्या भाषेत, इमारत जितकी उंच त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर हवी. हा हिशोब गोवंडीला लावून पाहा. तीन मीटरच्या बोळाला सहा मीटर उंचीची इमारत चालेल, म्हणजे तळमजला आणि वर एक मजला. त्यापुढचा प्रत्येक मजला खालच्यांचं ऊन खातो. वसाहतवादी सत्तेच्या काळात लिहिलेला नियम स्वतंत्र देशातल्या पुनर्वसन योजनेपेक्षा गरिबाच्या फुप्फुसांचा जास्त विचार करतो, हे मला फार लागतं.

उन्हानंतर पाणी. विहार तलावाचं नळाचं पाणी १८६० मध्ये मुंबईत आलं, पुढे तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा जोडले गेले. आज सात तलावांतून रोज ३,८०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी शहरात येतं. (ज्या शहापूर तालुक्यातून हे जलवाहिन्यांचं जाळं येतं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. त्याच पाण्याची ही दुसरी बाजू स्वतंत्र प्रकरणाची आहे.) शहराच्या आत हे पाणी वाटताना महापालिकेचा हिशोब असा चालत आला आहे: इमारतीत राहणाऱ्या माणसाला दिवसाला १३५ लिटर, झोपडपट्टीत राहणाऱ्याला ४५ लिटर. एका बाजूला अंघोळ, कपडे, भांडी, फ्लश, कुंड्यांतली झाडं. दुसऱ्या बाजूला दोन हंडे आणि थोडंसं. जुलाब झालेल्या मुलाचे कपडे धुवायचे की रात्रीची भांडी, हे त्या घरातली बाई रोज ठरवते.

आणि हे ४५ लिटर तरी ज्याच्याकडे कागद आहे त्याचे. १९७६ ची झोपडपट्टी गणना, मग १९८५, मग १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, अशा तारखांनी मुंबईतली माणसं मोजली गेली. तारखेच्या आधीपासून राहणारी माणसं पात्र, नंतर आलेली अपात्र. फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, सापडला तर नळ, नाही सापडला तर टँकर किंवा शेजाऱ्याच्या नळाला लावलेली नळी. वस्ती पोर्ट ट्रस्ट, रेल्वे अशा केंद्राच्या जमिनीवर असेल तर आणखी पंचाईत. कौला बंदर ही पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवरची अशीच एक अघोषित वस्ती. तिथल्या संशोधकांनी पाण्याचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं, की खासगी पाणीवाल्यांना लोक महापालिकेच्या दरापेक्षा पन्नास ते दोनशे पट पैसे मोजत होते आणि तरीही बहुतेक घरांना माणशी ५० लिटरही मिळत नव्हतं. शहरातला सर्वांत महाग पाण्याचा ग्राहक सर्वांत गरीब होता.

१५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल दिला. सन २००० नंतरच्या झोपड्या बेकायदा असल्या तरी तिथल्या माणसांना पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कायदा पाळून राहणाऱ्यांइतकंच पाणी त्यांना द्यावं असं न्यायालय म्हणालं नाही, पण काहीतरी द्यावंच लागेल, असं धोरण आखायला महापालिकेला सांगितलं. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण जाहीर व्हायला मे २०२२ उजाडलं. मधल्या साडेसात वर्षांत जन्मलेली मुलं तोवर शाळेत जाऊ लागली होती. बाळाच्या आयुष्यातली पहिली दोन वर्षं जुलाबांत गेली तर त्याची वाढ खुंटते, आणि पुढे कितीही पाणी आलं तरी ती उंची पुरती भरून निघत नाही. सरकारी फायलीला लागणारा वेळ आणि बाळाच्या आतड्यांना मिळणारा वेळ यांचा मेळ बसत नाही.

आता खुद्द आरोग्याच्या शीर्षाकडे येऊ. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. आरोग्याला साधारण ७,३८० कोटी, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. एवढा पैसा आरोग्यावर घालणारी महापालिका देशात दुसरी नाही, आणि त्यामागे मोठी परंपरा आहे. नायर रुग्णालय, १९२६ चं केईएम, सायनचं टिळक रुग्णालय या नावांवर मुंबईचाच नव्हे, निम्म्या महाराष्ट्राचा विश्वास आहे. कोकणातून, खानदेशातून, विदर्भातून माणसं केईएमची चिठ्ठी घेऊन रात्रीच्या गाडीने येतात आणि फुटपाथवर झोपून सकाळचा नंबर लावतात. ही रुग्णालयं नसती तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही.

पण मोठ्या रुग्णालयाकडे पैसा ज्या सहजतेने जातो त्या सहजतेने तो वस्तीतल्या दवाखान्याकडे जात नाही. रुग्णालयाची इमारत दिसते, तिचं उद्घाटन होतं. दवाखान्यातला डॉक्टर रोज हजर राहणं, रक्तदाबाची गोळी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातही कपाटात असणं, हे दिसत नाही. अर्थसंकल्पाच्या भाषेत पहिला भांडवली खर्च, दुसरा महसुली. महसुली खर्च वाढला की तो दरवर्षी करावाच लागतो, म्हणून वित्त विभागाचा हात आखडतो. त्यातूनच नवी इमारत आणि रिकामी पदं असं चित्र गावोगावी दिसतं.

दवाखान्याच्या वेळेचंही तेच. नऊ ते चार उघडा असलेला सरकारी दवाखाना नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्यासाठी बंदच असतो. तिथे जायचं म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दिवसाची कमाई गेली. त्यापेक्षा संध्याकाळी गल्लीतल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेतलेलं परवडतं. मधुमेह, रक्तदाब असे न दुखणारे आजार मग वर्षानुवर्षं तसेच राहतात, आणि एक दिवस अर्धांगवायूचा झटका घेऊन माणूस सायनला पोचतो. तिथे त्याच्यावर होणारा खर्च दवाखान्यातल्या गोळ्यांच्या कित्येक पट असतो, तो सरकारचाही आणि त्याच्या घरच्यांचाही. २०२२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेत मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती दवाखान्याची वेळ: दोन पाळ्यांत, रात्री दहापर्यंत. कामगाराच्या दिवसाचा आकार लक्षात घेऊन केलेली ती सोय आहे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने २०१३ मध्येच ५० हजार लोकवस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असं प्रमाण ठरवलं होतं. खेड्यांसाठी अशी रचना कित्येक दशकं आधी झाली. शहरात मोठी रुग्णालयं आहेत, म्हणजे शहरातल्या गरिबाची सोय झाली, हा समज दिल्लीपासून गल्लीपर्यंत इतका पक्का होता की शहरी अभियान ग्रामीण अभियानाच्या आठ वर्षं मागून आलं.

विमा योजनांबद्दल थोडक्यात. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली, आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी योजना दाखल झालेल्या रुग्णाचा मोठा खर्च उचलते, आणि तिने अनेक घरं कर्जातून वाचवली आहेत. पण घराची कंबर मोडते ती बऱ्याचदा दाखल न होता चालणाऱ्या उपचारांत, दर महिन्याच्या औषधांत, तपासण्यांत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९.४ टक्क्यांवर आला. उतार मोठा आहे, तरी शंभरातले चाळीस रुपये तेव्हाही आजारी माणसाच्या घरातूनच जात होते.

जुलै २०२० मध्ये ही सगळी विषमता एका आकड्यात दिसली. मुंबईत माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांतल्या तीन विभागांत कोरोनाच्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला, त्याच विभागांतल्या इमारतींमध्ये १६ टक्के. एकच हवा, एकच पिनकोड, रस्त्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला राहणारी माणसं. ‘घरी राहा’ हे सांगणं ज्याच्या घरात संडास आहे त्याच्यासाठी होतं. बाकीच्यांना दिवसातून किमान एकदा सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहणं भाग होतं. त्या काळात किती संडास नव्हते, हे मोजलं तर टाळेबंदी कुठे फसली ते कळतं.

क्षयाकडे पुन्हा एकदा जातो, कारण सामाजिक धोरण औषधासारखं कसं काम करतं याचा अलीकडचा उत्तम पुरावा तिथेच आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या घरातल्या इतर माणसांना दर महिन्याला शिधा दिला. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार अशा घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या एवढ्यावर. लसीकडून आपण जी अपेक्षा करतो तिच्या जवळ जाणारं हे यश रेशनच्या पिशवीतून आलं. केंद्र सरकार क्षयरुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० देऊ लागलं. रुग्णाच्या घरातल्या इतरांचा प्रश्न अन्नपुरवठा खात्याच्या दारात येतो. गोवंडीत ऊन गृहनिर्माणाच्या ताब्यात, इथे ताटातली डाळ पुरवठा खात्याच्या ताब्यात, आणि जाब मात्र क्षयरोग अधिकाऱ्याला.

मग पैसा कुठे जावा हे कोणी ठरवायचं? ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहराने १९८९ मध्ये एक वाट काढली. नव्या कामांचा पैसा वाटण्याआधी दरवर्षी वस्त्यांच्या सभा भरू लागल्या. लोक आपली निकड सांगत: आधी गटार की आधी शाळा. पण नुसत्या मागणीवर पैसा मिळत नव्हता, कारण आवाज नेहमी सुखवस्तूंचाच मोठा असतो. प्रत्येक भागाला गुण दिले जात. तिथली लोकसंख्या किती, लोकांनी कशाला प्राधान्य दिलं, आणि ती सोय तिथे मुळात किती कमी आहे. जिथे गटार नाही त्या भागाला गटारासाठी जास्त गुण. १९८८ मध्ये शहरातल्या ७५ टक्के घरांना पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी होती, १९९७ पर्यंत ती ९८ टक्क्यांवर गेली. ब्राझीलच्या ज्या शहरांनी ही पद्धत स्वीकारली तिथे स्वच्छता आणि आरोग्यावरचा खर्च वाढला, बालमृत्यू कमी झाले, असं पुढच्या संशोधनात दिसलं.

आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातल्या कामांच्या सूचना मागवायला सुरुवात केली. एका कामाला पाच लाखांची मर्यादा, आणि अर्ज भरून द्यायचा. उपक्रम चांगला आहे, टिकूनही राहिला आहे. पण पाच लाखांत बाक होतो, पदपथ दुरुस्त होतो. मैलापाण्याची वाहिनी होत नाही. शिवाय अर्ज भरायला ज्याला सवड आहे त्याची गल्ली आधी सुधारते. पोर्तो अलेग्रीतले ते ‘उणिवेचे गुण’ इथे आले नाहीत. मुंबईत तर मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर अर्थसंकल्प प्रशासकानेच मांडायचा आणि प्रशासकानेच मंजूर करायचा, असं सलग काही वर्षं चाललं. स्थायी समितीच नव्हती. आमच्या गल्लीच्या संडासाचं काय झालं, असं सभागृहात उभं राहून विचारणारं कोणीच नव्हतं.

आत्ता मुंबईत त्याहून मोठे आकडे ठरत आहेत. धारावीच्या पुनर्विकासात पात्र कुटुंबाला ३५० चौरस फुटांचं घर जाहीर झालं आहे. जे अपात्र ठरतील त्यांच्यासाठी शहरात इतरत्र जागा पाहिल्या जात आहेत, आणि राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये त्यासाठी मंजूर केलेल्या जागांत देवनार कचराभूमीची जमीन आहे. १९२७ पासून शहराचा कचरा जिथे पडतो आहे ती ही जमीन, नटवर पारेख कंपाउंडच्याच विभागातली. ३५० हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ आहे. नकाशे पुढे येतील तेव्हा त्यांवरचे आणखी दोन आकडे शोधायचे आहेत: इमारतीची उंची, आणि समोरच्या इमारतीपर्यंतचं अंतर. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्मा आहे का, हे पट्टी लावून कुणालाही पाहता येईल.